आइस्क्रीमचे यंत्र माळ्याच्या कैदेतून वाचले त्याची हकीकत

श्रीगारवा समर्थ. बाळांनो, पंख्याखाली सरकून बसा, डोळे मिटा आणि मनात एक राज्य उभे करा. राज्य थोर, परंतु लहान. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या डोईवर माळा. राज्याचे नाव कोठे लिहिलेले आढळत नाही, म्हणोन आम्हीही लिहीत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. त्या साली उन्हाने ऐसा कहर मांडिला की गच्चीवरील टाकी तापोन नळास भर सकाळी कढत पाणी येऊ लागले, हे ध्यानी ठेवा, पुढे कामास येईल. महेंद्रराव महाराज राज्य करीत होते. राज्य महाराजांचे आणि हुकूम शुभदाबाई राणीसाहेबांचा, ऐसी व्यवस्था होती. महाराजांस नवनवी यंत्रे आणण्याचा शौक. यंत्र आले म्हणजे दोन दिवस त्याचा दरबार भरे, तिसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल पडे, आणि मग राणीसाहेब शिडी मागवीत आणि यंत्र माळ्यावर रवाना होई. माळा म्हणजे त्या राज्यातील अंधारकोठडी. तेथे सँडविचचे यंत्र, मक्याच्या लाह्यांचे यंत्र, शेवयांचे यंत्र आणि पाय शेकावयाचे यंत्र ऐसे चार मातब्बर कैदी वर्षानुवर्षे खितपत पडले होते. आणि यंत्रासोबत जे माहितीपुस्तक येई ते न वाचता ड्रॉवरात जपून ठेवावे, ही तेथील जुनी रीत होती.

महाराजांची कन्या कृत्तिकाबाई, वय वर्षे नऊ. तिने वाढदिवसास दुसरे काही न मागता आइस्क्रीमचे यंत्र मागितले, आणि ते अक्षय्य तृतीयेस दाखल जाहले. वर्ण पांढरा, मस्तकी पारदर्शक झाकण, पोटात एक जाड भांडे, आणि भांड्यात फिरावयास एक पाते. राणीसाहेबांनी यंत्र न्याहाळले, मग माळ्याकडे न्याहाळले, आणि सर्वांदेखत सांगितले की तीन वेळा करून पाहा, तिसऱ्या वेळेसही घट्ट झाले नाही तर हे वर जाईल आणि पुन्हा कोणी यंत्राचे नाव काढणार नाही. कृत्तिकाबाईने मान डोलाविली, परंतु हात यंत्रावरून काढिला नाही.

पहिली मोहीम त्याच दिवशी जाहली. महाराज स्वतः सरदार. भांडे थंड करावे लागते इतके दुकानदाराने सांगितले होते, म्हणोन महाराजांनी ते चहा होईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेविले आणि बाहेर काढिले. मग दूध, साय, साखर आणि आंब्याचा रस आत ओतिला आणि कळ दाबिली. यंत्र घरघरू लागले आणि एक तास घरघरत राहिले. शेवटी झाकण उघडिले तो आत आंब्याचे दूध जैसे होते तैसेच, फक्त फिरून फिरून दमलेले. महाराजांनी ते पेल्यांत ओतिले, स्वतः दोन पेले प्याले आणि म्हणाले की हरकत नाही, लढाई गेली परंतु फौज जेवली. राणीसाहेबांनी एक बोट दुमडिले.

ते दिवशी कृत्तिकाबाईने जे केले ते त्या राज्यात पूर्वी कोणी केले नव्हते. तिने ड्रॉवर उघडिला आणि माहितीपुस्तक वाचिले. त्यात लिहिले होते की यंत्र काही थंड करीत नाही, यंत्र फक्त फिरविते. थंडी आहे ती भांड्याच्या दुहेरी भिंतीत. त्या भिंतीत एक द्रव आहे, तो दगडासारखा गोठावा लागतो, आणि त्यास एक अहोरात्र लागते. गोठला की नाही हे पाहावयाचे तर भांडे कानाशी धरून हलवावे, खळखळ ऐकू आली तर पुन्हा आत ठेवावे. आणि पाते कशाला, तर भिंतीस धरलेला बर्फ खरवडून काढीत राहावे म्हणजे कण बारीक राहतात आणि जिभेस मऊ लागतात. बाळांनो, नुसते दूध डब्यात घालून गोठविले तर त्याची वीट होते, ती का होते हे आता तुम्हांस कळले.

परंतु अहोरात्र जागा मिळावी कोठे? फ्रीझर म्हणजे त्या राज्यातील हिमगड, आणि हिमगडाच्या किल्लेदार होत्या इंदूताई, महाराजांच्या वडिलांची बहीण, ज्यांस कृत्तिकाबाई आत्याआजी म्हणत असे. वय वर्षे एकोणऐंशी, दात स्वतःचे नऊ. गडावर पौष मासात सोललेल्या मटारांच्या सात पिशव्या, खवलेल्या नारळाचे तीन डबे, आणि एक डबा ऐसा की त्यात काय आहे हे उघडून पाहावयाची कोणाची छाती नव्हती. कृत्तिकाबाई वाटाघाटीस गेली. आत्याआजींनी मटार हलविण्यास साफ नकार दिला, मग नातीचे तोंड पाहिले, मग दोन पिशव्यांची उसळ करावयास घेतली, आणि गडावर जागा जाहली. दोन दिवस उसळ खाऊन राज्य बेजार जाहले.

सप्तमीस दुसरी मोहीम. सकाळी कृत्तिकाबाईने भांडे कानाशी हलविले, आवाज नाही, दगड. ते परत ठेवून ती आंघोळीस गेली. मग सारे जमले, मिश्रण ओतिले, यंत्र घरघरले, आणि आत पुन्हा आंब्याचे दूध. राणीसाहेबांनी दुसरे बोट दुमडिले आणि म्हणाल्या, "यंत्रच बिघडलेलं आहे. तुझ्या बाबांना कुठे काय बघून घेता येतं." महाराज गॅलरीतील कुंड्या पाहावयास निघोन गेले. कृत्तिकाबाईने रिकामे भांडे उचलून हलविले. आत खळखळ. सकाळी दगड आणि आता पाणी, हे कैसे? तिने एकेकास विचारिले की भांड्यास कोणी हात लाविला का. महाराज नाही म्हणाले, राणीसाहेब नाही म्हणाल्या. आत्याआजी मात्र प्रसन्न मुद्रेने म्हणाल्या, "मी लावला की. तू आंघोळीला गेलीस, मी छान विसळून, पुसून ठेवलं. कोणतंही भांडं घ्यायचं तर आधी विसळून घ्यावं, बाई. आत मटाराचा वास लागलेला होता."

आणि नळास त्या दिवसांत कढत पाणी, हे तुम्ही ध्यानी ठेविले असेलच.

आता कृत्तिकाबाईपुढे मोठा पेच पडला. खरे सांगावे तर यंत्र निर्दोष ठरते, परंतु आत्याआजी दुखावतात. आणि त्या दुखावल्या म्हणजे काय होते हे राज्यास ठाऊक होते. मागे नॉनस्टिक तवा त्यांनी काथ्याने घासला, त्यावर राणीसाहेब एक वाक्य बोलल्या, तो आत्याआजींनी दोन दिवस चहा सोडिला आणि तिसऱ्या दिवशी त्यांचे डोके दुखून सर्वांचे डोके दुखू लागले. न सांगावे तर सत्तर वर्षांची सवय आहे, हात पुन्हा नळाकडे जाणार आणि यंत्र माळ्यावर जाणार. कृत्तिकाबाई रात्रभर विचार करिती जाहली, म्हणजे साडेनऊपर्यंत, मग झोप लागली.

तिसऱ्या मोहिमेस तिने मुद्दाम एकादशी नेमिली, रविवार होता, आणि या खेपेस आइस्क्रीम नको, सॉर्बे करू म्हणाली. सॉर्बे म्हणजे त्यात दूध नाही, साय नाही, फळाचा रस आणि साखरेचा पाक, वर लिंबू. म्हणजे आत्याआजींस उपासास चालेल. आत्याआजी म्हणाल्या की मला काही नको, माझे दात शिवशिवतात. परंतु आंबे त्यांनीच पिळून दिले. महाराज पाकात आणखी चार चमचे साखर घालू लागले, तो कृत्तिकाबाईने त्यांचा हात धरिला आणि पुस्तकातील ओळ दाखविली की साखर फार झाली तर ते गोठतच नाही. महाराजांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचिली आणि म्हणाले की हे मला ठाऊकच होते. मग रस-पाक एकत्र करून फ्रिजमध्ये गार करावयास ठेविला, कारण ऊन मिश्रण ओतिले तर भांड्याची थंडी त्यातच खर्ची पडते.

मग ती घटका आली. राणीसाहेब शिडी घेऊनच स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. आत्याआजींनी हिमगडाचा दरवाजा उघडिला, भांडे दोन्ही हातांनी बाहेर काढिले, आणि पाय आपोआप मोरीकडे वळले आणि हात नळाकडे गेला. महाराज पाहतच राहिले. कृत्तिकाबाई ओरडली नाही, धावली नाही. जवळ जाऊन हळू म्हणाली, "आत्याआजी, ते भांडं सोवळ्यात आहे."

आत्याआजींचा हात नळावर थांबला. "कसलं गं सोवळं?"

"थंडीचं. काल सकाळपासून आहे. पाणी लागलं की मोडतं."

सोवळ्यातील वस्तूस पाणी लावू नये म्हटल्यावर का म्हणोन विचारणे हे आत्याआजींच्या जन्मात बसत नव्हते. त्यांनी भांडे छातीशी धरिले आणि कोणाचा धक्का न लागू देता, पदर आवरून, यंत्रापाशी आणून ठेविले. मग तेथेच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे सप्तमीला मीच मोडलं होय?"

कृत्तिकाबाई मिश्रण ओतू लागली. राणीसाहेबांनी आत्याआजींकडे पाहिले, मग नळाकडे पाहिले, आणि तोंडाशी आलेले वाक्य गिळिले, हा त्या दिवसाचा दुसरा पराक्रम. यंत्र घरघरू लागले. पाच मिनिटे गेली, दहा गेली, महाराज झाकण उघडावयास सरसावले तो आत्याआजींनीच त्यांच्या हातावर चापट दिली आणि म्हणाल्या, "महेंद्र, शिवू नकोस." पंधरा मिनिटांनी आवाज जड जाहला. विसाव्या मिनिटास पाते कण्हू लागले, फिरेना, आणि अडकून उभे राहिले. झाकण काढिले. राणीसाहेबांनी चमचा भरून घेतला आणि सर्वांदेखत उलटा धरिला. केशरी गोळा चमच्यास धरून राहिला, पडला नाही.

पहिली वाटी आत्याआजींस. त्यांनी नऊ दात सांभाळून घास घेतला, एक डोळा घट्ट मिटला, मग दुसराही मिटला, आणि वाटी पुढे केली. येणेप्रमाणे तिसरी मोहीम फत्ते जाहली, यंत्रास ओट्यावर कायमची जागा मिळाली, मटार हिमगडाच्या एका कोपऱ्यात राहू लागले, आणि त्या राज्यात कोणास कमीपणा न येता सत्य उजेडात आले. हकीकत येथवर. राणीसाहेब शिडी परत नेऊ लागल्या, तो कृत्तिकाबाईने पाते चाटता चाटता शिडीस हात लाविला आणि म्हणाली, "राहू दे ना, आई." मग तिने ड्रॉवरातून लाह्यांच्या यंत्राचे पुस्तक काढिले, शिडीच्या खालच्या पायरीवर बसली, आणि पहिल्या पानापासून वाचावयास लागली.