मी हरवला माझा कुत्रा

कर्ता

एडविन बॅराक्लफ मास्तरांना कुत्रा नव्हता. कधीच नव्हता. वाचनालयात दर गुरुवारी परदेशातून आलेल्या लोकांना इंग्रजी वाक्याचे भाग शिकवायचे, म्हणून बुधवारी त्यांनी तीन पुठ्ठे रंगवले. लालावर 'मी', निळ्यावर 'हरवला', पिवळ्यावर 'माझा कुत्रा'. कर्ता, क्रियापद, कर्म. इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावात कर्म शेवटीच येतं. गेले दोन गुरुवार वर्गाला एकही माणूस फिरकला नव्हता, पण तयारीत कसूर नको. शाई ओली होती. मास्तरांनी पुठ्ठे पुढच्या खिडकीत उन्हाकडे तोंड करून ओळीनं उभे केले आणि आत जाऊन जरा आडवे झाले.

पोस्टमनखेरीज कुणीच न वाजवलेली घंटा वाजली.

क्रियापद

दारात डगी ग्रीनवुड. प्लंबर, शेजारी आणि मास्तरांचाच जुना विद्यार्थी. अकरा वर्षांत दोघांचं बोलणं "आज गारठा आहे" याच्या पुढे सरकलं नव्हतं.

"सर, तुमच्या वर्गात मला एकही वाक्य कधी कळलं नाही. खिडकीतलं हे मात्र लगेच कळलं. कधी हरवला?"

"अरे डगी, ते जरा..."

"बोलू नका. गळा दाटून येतो, ठाऊक आहे मला. जनीन, चहा ठेव." आणि त्याची बायको मास्तरांच्या स्वयंपाकघरात शिरलीसुद्धा.

"केवढा होता?"

मास्तर खरं सांगणारच होते. पण आत दुसरा कप वाजला. मग तिसरा. खरं सांगितलं की ही माणसं चहा संपवतील, माफी मागतील आणि पुढची अकरा वर्षं पुन्हा गारठा.

"मध्यम," मास्तर म्हणाले.

"रंग?"

"तपकिरी."

"नाव?"

मास्तरांना नेमके त्यांना जन्मभर छळलेले मुख्याध्यापक आठवले. "नॉर्मन."

तासाभरात अर्धी गल्ली "नॉर्मन, ये रे, बिस्कीट देते" म्हणत कालव्याकाठी फिरू लागली. वाफ्यात कांदे लावणारे एक नॉर्मन नावाचेच म्हातारे दोनदा येऊन काय पाहिजे विचारून गेले. तिसऱ्यांदा तेही शोधायला लागले. कुत्रा दोघांना चर्चमागे दिसला. एकाला चावला. मास्तर सगळ्यांच्या मध्ये चालत होते, खांद्यावर कुणाचा तरी हात होता. एवढं सुख त्यांना कुत्रा असता तरी मिळालं नसतं. गुरुवारचा वर्ग ते साफ विसरले.

शनिवारी डगी म्हणाला, "सर, फोटो द्या. दोनशे पत्रकं छापतोय."

कर्म

(अजून सापडलेलं नाही.)

मास्तर आधी समोरच्या मिसेस ॲक्रॉइडकडे गेले. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन दिवस सगळ्यांत लांबवर शोधत फिरली होती ती हीच बाई. माफीची सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

"मिसेस ॲक्रॉइड, मला कुत्रा नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझी खुर्ची खिडकीतच असते. अकरा वर्षं तुमचं दार बघतेय. त्यातून कुत्रा सोडा, कधी पाहुणा बाहेर पडला नाही."

"मग शोधत का फिरलात?"

"दुसरं कुणी बोलावलं होतं कुठं मला? डगीनं दार वाजवलं, मी कोट चढवला."

मास्तर दाराकडे वळले. मग म्हणाले, "आज सांगून टाकतो सगळ्यांना. फोटो तरी कुठून आणू मी?"

मिसेस ॲक्रॉइड उठल्या. कपाटावरची फोटोची चौकट पुसून त्यांनी मास्तरांच्या हातात ठेवली. आत एक जाडजूड काळा कुत्रा संशयानं बघत होता.

"हा काळा आहे हो."

"इथल्या पावसात रंग कुणाला कळतो?" त्या कोटाची बाही शोधत म्हणाल्या. "आणि काळजी करू नका, हा सापडायचा नाही. चौदा वर्षं झाली त्याला जाऊन. चला, कालव्याची पलीकडची बाजू राहिलीय अजून."