उजवी एकोणीस, डावी बारा

बन्सी टेलर माणसाला नावाने ओळखत नाहीत, मापाने ओळखतात. धारूरच्या बाजारगल्लीत माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर त्यांचं दुकान आहे. गेली वीस वर्षं मी त्यांच्यासाठी "चाळीस छाती" आहे. कंबर ते चारचौघांत सांगत नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

एकदा हवालदार कुणाचा तरी फोटो घेऊन आले. "ह्याला ओळखता का?" बन्सीकाकांनी फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "कंबर किती हाय ह्याची?" हवालदार बघतच राहिले. काका म्हणाले, "तुमचा पट्टा एक भोक पुढं सरकलाय, साहेब." एका पुढाऱ्यांना सदरा देताना तर भर गल्लीत सांगितलं, "पोट दोन इंच वाढलं. टेप लबाड बोलत न्हाई." मागे कार्यकर्ते होते, म्हणून पुढाऱ्यांना हसावं लागलं. पुढचा सदरा त्यांनी बीडला शिवला. तो तंग झाला, असं कळलं. काकांना ही बातमी देण्याचा आनंद मीच घेतला.

बाकीचे शिंपी एक हात मोजून दोन बाह्या कापतात. काका दोन्ही हात मोजतात, दोन्ही खांदे, दोन्ही पाय. लग्नसराईत गिऱ्हाईक ताटकळो, नवरदेव रुसो, टेप दोनदा फिरणारच. सगळं एका जाड वहीत लिहून ठेवतात.

यंदा दसऱ्यानंतर माझी भाची साक्षी आमच्याकडे राहायला आली. अकरा वर्षांची. तिचा डावा हात जन्मापासून कोपराच्या जरा खालीच संपतो. आई-बाप ऊसतोडीला जाणार, म्हणून तिचं नाव इथल्या शाळेत घातलं. पण पोरगी जाईना. गावात सगळ्यांना तिची सवय होती, इथे सगळे डोळे नवे.

बहीण म्हणाली, "दादा, गुरुवारी आमची गाडी निघती. तवर शाळेत गेली तर ठीक, न्हाईतर संगं नेते. आन् एकदा फडात आली की हिची शाळा सुटली, हे मला म्हाईत हाय."

सोमवारी शाळेचा ड्रेस शिवायला मी तिला समोर नेलं. तिने आधीच बजावलं, "काका, डावी बाही लांब ठिवा. पार खाली लोंबली पायजे."

काकांनी टेप लावला. "उजवी एकोणीस." टेप फिरवला. "डावी बारा." लिहिलं. साक्षी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मोठी माणसं इथे चुकचुकतात, हे तिला पाठ होतं. काका पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "बारा म्हणजे बारा. माझ्या दुकानात मापाबाहेर बाही न्हाई शिवत."

"मग मी शाळेत जातच न्हाई. आईसंगं उसाला जाते."

"जा. पर आधी हे वाच." काकांनी वही तिच्या पुढ्यात टाकली.

ती फुरंगटून वाचू लागली. "भांडेवाले. उजवी चोवीस, डावी साडेतेवीस." ती थांबली. "मामा, तुमचा एक हात आखूड हाय?"

पन्नाशीत मला ही बातमी कळली. मी हात जोडून बघितले. आहे खरा.

मग तिला चेवच आला. पुढाऱ्यांचा डावा खांदा उतरलेला निघाला. हेडमास्तरांचा एक पाय पाऊण इंचाने मोठा. गल्लीतल्या सगळ्यात देखण्या नवरदेवाच्या पाठीला बाक. साक्षी बोट ठेवून वाचत होती आणि फिदीफिदी हसत होती.

"आख्ख्या धारुरात दोन्हीकडून सारखा माणूस मला घावला न्हाई," काका कापड पसरत म्हणाले. "तुझा फरक जरा दांडगा हाय. बाकी काय न्हाई."

बुधवारी सकाळी ती नवा ड्रेस घालून गेली. डावी बाही बरोब्बर बारा इंच, टोकाला पट्टी आणि बटण. मी दिवसभर दोन पातेली पुसत बसलो. समोर काकांचं मशीन बंद होतं.

पाच वाजता शाळा सुटली. कोपऱ्यावरून तीन मुली भांडत आल्या, मधली आमची. पाण्याच्या बाटलीचा पट्टा डाव्या हाताला अडकवलेला, उजव्या हातात अर्धा पेरू. मला बघून म्हणाली, "मामा, आईला फोन करा, मी न्हाई येत. उद्या कबड्डीची निवड हाय, आन् ही म्हणती मी पकडीत कच्ची हाय." आणि पुन्हा भांडत पुढे गेली. काकांकडे तिने बघितलंही नाही.

मी फोन केला. बहिणीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला दूध देत जा रं, दादा."

मी काकांचे आभार मानायला आत गेलो. ते टेबलाखाली वाकून काहीतरी ढकलत होते. मी ओढून बघितलं. तसाच दुसरा ड्रेस, इस्त्री केलेला. डावी बाही लांब, पार खाली लोंबणारी.

"हे कशाला शिवलं, काका?"

काकांनी ड्रेस माझ्या हातून ओढून घेतला. "रडत आली असती तर? उद्या गाडी हाय म्हणं तिच्या आईची."

मग ब्लेड घेऊन बाहीची शिवण उसवायला बसले. एकेक टाका, कापडाला धक्का न लावता. निम्मी उसवून झाल्यावर मान वर न करता म्हणाले, "चाळीस, तुझ्या घरी भाकर हाय का रं? सकाळपासून काय गिळलंच न्हाई. लई भूक लागलीय."