तीन पायांची म्हैस

महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भोरातल्या एका पत्ते कुटणाऱ्या क्लबानं विंझरच्या धोंडीबा सुतारांवर धडधडीत अन्याय केला. त्यांची म्हैस गाडीत घालून नेली. म्हैस काळी होती, तीन पायांची होती, आणि खरं सांगायचं तर ती पियानो होती. पण धोंडीमामांनी तिला कधी पियानो म्हटलं नाही.

कुणा साहेबानं जाताना क्लबाच्या गळ्यात मारलेलं ते अवजड, आडवं धूड. क्लबाच्या पडवीत त्यात उंदीर व्याले. मंडळींनी मामांना बोलावून सांगितलं, "फोड आणि सरपण घेऊन जा." मामांनी झाकण उचललं, एक तार छेडली आणि कुऱ्हाड गाडीत परत ठेवली. "जित्या जनावरावर म्या हत्यार न्हाई चालवत." गाडी विंझरकडे निघाली. मामांचं कुटुंब, सगुणाकाकू, त्या धुडालाच टेकून बसलेल्या. नसरापुरात लोकांनी विचारलं, "काय आणलं, मामा?"

"म्हस. आटलीया. बघू पान्हावती का."

पान्हवायला तीन पावसाळे लागले. आतल्या हातोड्यांची लोकर कसरीनं खाल्लेली. मामांनी धनगरवाड्यातून जुनं घोंगडं आणून त्याचे तुकडे चिकटवले. गळालेल्या पट्ट्यांना बैलाच्या शिंगाचे काप बसवले. तारा जुळवल्या त्या भजनी मंडळाच्या पेटीवर. पेटीवाले बुवा वैतागायचे, "मामा, ही विलायती हाय. अभंगाच्या सुरात कशी यायची?"

"विंझरात ऱ्हाती न्हवं? यील की."

बेंदराला तर हद्द झाली. बैलांबरोबर पियानोही धुऊन पुसून अंगणात आला. गळ्यात झेंडूची माळ, झाकणावर पुरणाची पोळी, तिन्ही पायांना गेरू. मी तेव्हा पत्रकं वाटत हिंडत होतो. मला बघून मामा ओरडले, "या, पत्रकवाले! आज कुणाचा धिक्कार? चवथ्या पायाचा गेरू उरलाय, टोपीला लावू का?"

एवढं करून मामांना वाजवता काडीचं येत नव्हतं. दिवेलागणीला ते डावीकडची अगदी शेवटची पट्टी दाबून धरत. घर्रर्र करून घर घुमायचं. काकू पियानोला पाठ लावून तांदूळ निवडत असायच्या. त्या डोळे मिटून घ्यायच्या. तापानं त्यांचे दोन्ही कान केव्हाच गेलेले. मला वाटायचं, डुलकी लागली.

नवरात्रात क्लबाचे चिटणीस वेल्ह्याकडे जाताना त्यांच्या कानावर तो आवाज पडला. लगेच साक्षात्कार झाला. "अहो, आम्ही तर दुरुस्तीला दिला होता!" दसरा उलटताच माणसं आली. मामा भांडले नाहीत. गाडीमागून चालत म्हणाले, "उतारावर धरा. म्होरला पाय नाजूक हाय."

मामा माघारी आल्यावर मी मुठी आवळून त्यांच्या घरी गेलो. "मामा, पत्रक काढतो! जाहीर निषेध!"

"तुजं पत्रक हिला ऐकू येनार हाय का?" काकूंकडे बोट करून मामा म्हणाले.

काकू रिकाम्या भिंतीला तळवा लावून बसल्या होत्या. हात जरा सरकवायच्या, थांबायच्या, पुन्हा सरकवायच्या.

"म्हस आणली त्या दिशी कापूरहोळच्या चढाला गाडी हादरली, तारा घुमल्या," मामा हळू बोलले. "हिनं फळीला हात लावला आन् केवढ्यांदी वराडली, 'अवो, ही रवंथ करती!' कान गेल्यापासनं हिला कायबी ऐकू आलं न्हवतं. म्हस हे नाव हिनंच ठेवलं. म्या नुसता चारा घालत व्हतो."

अशी माणसं मी पुढं फार पाहिली नाहीत. पियानो आज त्या क्लबात खोळ घालून बंद दाराआड उभा आहे. त्यावर पानाचा डबा ठेवतात. मामा तो परत मागत नाहीत. मीही मागत नाही.

वाचकहो, तुम्ही त्या क्लबात जात असाल तर ते दार उघडा. जात नसाल तर जाणाऱ्याला गाठा. बाजाराच्या दिवशी मामांची गाडी येईल. खोळ काढा, पानाचा डबा उचला, काकूंना टेकून बसू द्या आणि डावीकडची शेवटची पट्टी दाबून धरा. वाजवता येत नसलं तरी चालतं, मामांनाही येत नाही. आवाज विरला की पुन्हा दाबा. पुरे म्हणायचं ते काकूंनी, तुम्ही नाही.