सदाआण्णांचा पहिला गिअर

सदाआण्णांच्या मोटरसायकलचा पहिला गिअर पडताना आजवर कुणी ऐकलेला नाही. गाडी चालू झालेली ऐकू येते. फाटकाबाहेर तिची बारीक फुरफुर चाललेली असते. आण्णा क्लच दाबतात, मान जरा खाली घालतात, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि गाडी पुढे सरकते. मधला जो आवाज साऱ्या जगाच्या गाड्यांना येतो, तो त्यांच्या गाडीला येत नाही.

माझ्या गाडीला येतो. चांगला दणदणीत येतो. फाटकात मी पहिला गिअर टाकला की ‘खटाक्’ होतं, समोरच्या तारेवरची कबुतरं उडतात आणि गल्लीतलं एक म्हातारं कुत्रं, जे दुसऱ्या कशालाच उठत नाही, ते उठून जागा बदलतं. आता एवढ्यावरून माणसाने शेजाऱ्यावर जळावं का? जळू नये. पण मी जळतो. रोज सकाळी, ऑफिसला निघायच्या वेळेला, नेमाने जळतो.

खरं तर यात माझा काही दोष नाही. आम्ही साताऱ्याचे. आमचं तिथलं घर किल्ल्याच्या उतारावर होतं. सकाळी गाडीवर बसायचं, ब्रेक सोडायचा, गाडी आपली आपण उताराला लागायची. ती चालू करून गिअर टाकायचा तो खाली चौकात. जो काही खटाक् व्हायचा, तो चौकातल्या लोकांच्या वाट्याला जायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने, मंगलने, माझा पहिला गिअर कधी ऐकलाच नव्हता. मग सांगलीच्या एका कॉलेजात हेडक्लार्कची जागा मिळाली, माधवनगरात घर घेतलं आणि इथली जमीन निघाली तव्यासारखी सपाट. पहिल्याच सकाळी मंगल स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

“आवं, काय पडलं?”

“गिअर,” मी म्हणालो.

नेमके त्याच वेळी शेजारच्या फाटकातून सदाआण्णा निघाले. गुपचूप. मंगलने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. या दोन नजरांच्या मध्ये नवऱ्याची किती वजाबाकी होते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

त्यात आणखी एक भर पडली. तो खटाक् ऐकला की मंगलला नेमकं काहीतरी आठवायला लागलं. आधी तासभर मी घरात समोर फिरत असतो, तेव्हा काही नाही. गिअर वाजला की आतून हाक: “आवं, चष्मा!” “आवं, गॅसचा नंबर लावा!” आणि मागून हाक मारली म्हणजे तसंच जायचं नाही. परत आत यायचं, खुर्चीवर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं, हा तिचा माहेरचा नेम. मी पाणी पीत बसतो आणि खिडकीतून बघतो, तर आण्णा बिनबोभाट कोपरा ओलांडत असतात. त्यांना ना आवाज, ना हाक, ना पाणी.

आण्णा बेदाण्याचे दलाल. वय साठीच्या पलीकडे, अंगात पांढरा शर्ट, खिशात कायम मूठभर बेदाणे. तासगावच्या सौद्यांना ते स्वतःच्या गाडीवरून जातात. बायको वारलेली, घरी एकटेच असतात. त्यांच्या फाटकाची कडी वाजत नाही, कारण तिला त्यांनी सुतळी गुंडाळली आहे. बशीत कप ठेवतात तो असा, की ठेवला हे बघितल्याशिवाय कळू नये. शिंक आली तर टॉवेल शोधतात.

आणि दुसऱ्याच्या गिअरवरून माणूस ओळखतात. एकदा पेट्रोलपंपावर आम्ही रांगेत होतो. आण्णा डोळे मिटून उभे. पुढचा एकजण खटाक् करून गेला. “घरात भांडून आलाय,” आण्णा म्हणाले. दुसरा गेला. “ह्याची गाडी मागून आणलेली हाय. पाय बघा कसा बेफिकीर पडला.” माझ्यावर काही बोलायच्या आत मी टायरची हवा बघायला खाली वाकलो.

पुतणीला बघायला आलेला आटपाडीचा एक मुलगा त्यांनी याच कारणावरून नापसंत केला, असं गल्लीत सांगतात. मुलगा शिकलेला, नोकरी पक्की, मुलगी हो म्हणायच्या बेतात. निघताना त्याने गाडी गिअरमध्ये टाकली आणि आण्णांनी कपाळाला हात लावला. “पोराला थांबता येत न्हाई,” म्हणाले. “जो आतलं चाक थांबूस्तोवर दम धरत न्हाई, तो बाईचं बोलणं पुरं हुईस्तोवर दम धरंल व्हय?” भावाने त्यांचं ऐकलं नाही, लग्न झालं, आणि ती दोघं अगदी सुखात आहेत. आण्णा मात्र अजून म्हणतात, “बघू.”

माझ्या घरात ही कीर्ती पोचायला वेळ लागला नाही. जेवताना मंगल म्हणायची, “आण्णांचं काम कसं मऊ असतं.” मी ताट सरकवलं, तर म्हणाली, “तुमी ताट बी पहिल्या गिअरमध्येच सरकवताय.” माणसाला भूक राहत नाही अशाने.

आण्णा गिअरच्या आधी जे पुटपुटतात ते काय, हा मला लागलेला दुसरा घोर. मला वाटे, काहीतरी मंत्र असणार. मी दोनचार सकाळी कुंपणाजवळच्या जास्वंदीला पाणी घालायच्या निमित्ताने कान लावून पाहिला. जास्वंद कुजली, पण शब्द काही कळला नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यात मंत्र नव्हता. शेवटी चिडून म्हणालो, “आण्णा, मी आता इलेक्ट्रिक गाडी घेतो. आवाजच नाही.”

“गिअरच न्हाई तिला,” ते म्हणाले. “झोपलेल्या माणसाला गप बसला म्हणून शाबासकी देत्यात व्हय?”

मग मात्र मी अभिमान गिळला आणि एका रविवारी गाडी ढकलत त्यांच्या अंगणात नेली. म्हटलं, “आण्णा, शिकवा.”

इतका खूश झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्यांनी चहा ठेवला, पोतं अंथरलं, इंजिनचं तेल बदललं, चेन ताणली, रेस कमी केली. मधूनमधून बोलणं चालूच.

“आधी एक ध्येनात घ्या जाधवसाहेब. टाकत्यात त्यो कचरा. गिअर बसवायचा असतो. गाडी उभी ऱ्हायली की क्लचच्या प्लेटा तेलात एकमेकीला चिकटून बसत्यात. सकाळी चालू करायच्या आधी गाडी गिअरमध्ये घालायची, क्लच दाबायचा अन् मागं-पुढं हालवायची. अशी. पाळण्यागत. सुटल्या प्लेटा. मग न्यूट्रल करून चालू करा, जरा गरम हू द्या. आता क्लच दाबा. पुरा दाबा. अन् लगेच पाय मारू नका. आतली चाकं अजून फिरत असत्यात, त्यांना थांबू द्या.”

“किती वेळ?”

आण्णांनी जरा विचार केला. “एका माणसानं दुसऱ्याला एवढंसं कायतरी सांगावं, तेवढा.”

मग त्यांनी क्लचची केबल आवळली. मी गाडीवर बसलो, थांबलो, पाय दाबला. खट्ट. खटाक् गेला, खट्ट उरला. कबुतरं हलली नाहीत. मी म्हटलं, “आता हा एवढा उरलेला काढा.”

आण्णांनी पान्हा हातात घेतला, केबलवर ठेवला आणि परत पिशवीत टाकला. “पुरे,” म्हणाले. “एवढा ऱ्हाऊ दे.”

“का?”

“ऱ्हाऊ दे म्हणतो न्हवं.”

मी घरी आलो तो तणतणत. म्हणजे बघा, सगळं शिकवलं आणि शेवटची किल्ली आपल्यापाशी ठेवली! गल्लीत बिनआवाजी गाडी एकच राहिली पाहिजे, ती त्यांची. त्या दिवसांत मी आण्णांना नमस्कार केला तो मानेने नाही, नुसत्या भुवयांनी. मंगलला म्हणालो, “तुझे आण्णा आतल्या गाठीचे आहेत.” ती म्हणाली, “गिअरवरनं माणूस ओळखायला तुमी कवापास्नं लागला?”

शेवटी एका संध्याकाळी मीच पान्हा घेतला. आण्णा जे फिरवून थांबले होते ते मी पुढे फिरवत गेलो. केबल तारेसारखी ताठ होईपर्यंत फिरवली. सकाळी गाडी पाळण्यागत हलवली, गरम केली, क्लच दाबला, थांबलो, पाय दाबला आणि काही ऐकू आलं नाही. अगदी काही नाही. कुत्रं झोपलेलंच राहिलं. मला ओरडावंसं वाटलं, पण तसाच निघालो, गुपचूप. कोपऱ्यावर वळताना छाती फुगली होती.

हे सुख पुलाच्या चढापर्यंत टिकलं. चढावर इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी पुढे जाईना. केबल इतकी आवळली होती की क्लच धड धरतच नव्हता. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या घराण्याची चौकशी केली. गाडी ढकलत कॉलेज गाठलं. दुपारी पिशवी उघडली तर डबा नव्हता.

संध्याकाळी गाडी तशीच रखडवत घरी आलो, तर आण्णा माझ्याच फाटकात उभे. त्यांना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

“केबल आवळली तुमी,” ते म्हणाले.

“आवळली. तुम्ही करत नव्हता म्हणून मी केली.”

“सकाळी वहिनी डबा घेऊन हितं आल्या. तुमी गेलेला. लय येळ उभ्या व्हत्या.”

“असू दे हो, कँटीनमध्ये खाल्लं मी.”

“मी डब्याचं म्हणत न्हाई.”

ते गाडीजवळ उकिडवे बसले. खिशातून पान्हा काढला, पण केबलला लावला नाही. हातातच धरला.

“आमच्या कमलचं बी असंच व्हतं. घरात हाय तवर काय आठवायचं न्हाई. खटाक् झालं की, आवं, किल्ली. आवं, रुमाल. आवं, येताना आलं आणा. अन् आई सोप्यात बसलेली. मागनं हाक मारली म्हणून मला परत बसवायची, पाणी पाजायची. पाणी पिऊन उठलो की पुन्हा खटाक्, पुन्हा आवं. तासगावला पोचूस्तोवर चांगला माल उठलेला असायचा. मग मी नादच घेतला. तेल बदल, केबल आवळ, थांबून बघ. एक पावसाळा त्यात घालवला, पर आवाज बंद केला.”

“मग?”

“मग तिला कळायचंच न्हाई मी कवा गेलो. एकदा म्हणाली, तुमी आताशा चोरावानी जाता. मला लय अभिमान वाटला बघा.” ते हसले. “पर घरातनं न सांगता जाऊ नये. म्हणून क्लच दाबला की ‘येतो गं’ म्हणायचो. तिला ऐकू जाणार न्हाई एवढ्या बारीक.”

म्हणजे मंत्र तो होता. मी ज्याच्यासाठी जास्वंद कुजवली तो.

“ती गेली तवा मी सौद्यात व्हतो,” आण्णा म्हणाले. “सकाळी निघताना तिनं कशाला हाक मारली असली, तर मला म्हाईत न्हाई.”

मी जे बोलू नये तेच बोललो. “आण्णा, मग आता आवाज परत काढा की गाडीला.”

“काढला व्हता. तुमी यायच्या आधी. केबल ढिली सोडली, मुद्दाम टाकला, खटाक्. अन् फाटकात थांबलो.” त्यांनी गल्लीकडे बघितलं. “त्ये कुत्रं उठलं फकस्त.”

मग त्यांनी केबलला पान्हा लावला आणि बेताबेताने ढिली केली. क्लच नीट धरायला जेवढी हवी त्याहून थोडी जास्तच ढिली केली, हे आता मलाही कळत होतं.

“आवाज तेवढा ऱ्हाऊ द्या जाधवसाहेब. सकाळी तुमचा खट्ट हुतो, वहिनींची हाक येती, तुमी कुरकुरत आत जाता. त्ये ऐकलं की मी निघतो. मला तुमचा लय हेवा वाटतो गड्या.”

माझा हेवा! मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा ते घेऊन मिरवावंसं वाटेना. त्यांच्या गिअरवर मी अजून जळतोच. तो मऊपणा माझ्या पायाला येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या सकाळी मी गाडी चालू केली. कुंपणापलीकडे आण्णांची फुरफुर चालू होती. ते क्लच दाबून, मान खाली घालून थांबलेले. मी पाय दाबला. खट्ट.

“आवं!” आतून हाक आली.

मी गाडी बंद करून आत गेलो, खुर्चीवर बसलो. खिडकीतून दिसलं, आण्णांचे ओठ हलले आणि त्यांची गाडी आवाज न करता पुढे गेली. मंगलने पाण्याचा पेला हातात दिला.

“कशाला हाक मारलीस?”

“आता इसरले बघा,” ती म्हणाली.

“आठव सावकाश,” मी म्हणालो, आणि पाणी पीत बसून राहिलो.