विसाव्याचा शब्द आणि परांजपेसान

योकोहामातल्या आमच्या ऑफिसात प्रोग्राममध्ये 'व्हाइल' लिहिलंत, की परांजपेसानांशी गाठ आहे. अमुक आहे तोवर तेच तेच करत राहा, असा हुकूम संगणकाला द्यायला आम्ही हा शब्द वापरतो. आमचा कोड तपासताना तो दिसला, की परांजपेसान चष्मा कपाळावर चढवतात. चूक काहीच नसते. त्यांना फक्त वाईट वाटतं.

"जुना जर्मानिक शब्द हा. मूळ अर्थ, विसावा. आणि तुम्ही त्याला घाण्याला जुंपलंत."

पुण्यात कॉलेजात असताना ते हौसेने जर्मन शिकले, तेव्हा ही खोड लागली ती लागलीच. हा शब्द आधी थांबण्याचा, निवांतपणाचा. नॉर्वेकडच्या जुन्या भाषेत तर चक्क बिछान्याचा. मग त्याचा अर्थ झाला विसाव्यापुरता वेळ आणि शेवटी नुसताच वेळ. हे सगळं ते जेवणाच्या सुट्टीत सांगतात आणि आमचा विसावा त्यातच संपतो. आमचे मॅनेजर सातोसान तर बिछान्यापर्यंत गाडी आली की डबा आवरायला घेतात.

मला व्युत्पत्ती पटायची, माणूस पटायचा नाही. विसाव्याचा एवढा पुळका, आणि स्वतः एक रजा घेतील तर शपथ.

मे महिन्यातल्या लांब सुट्टीत मी विसरलेला चार्जर आणायला ऑफिसात गेले. भर दुपारी परांजपेसान एकटेच खिडकीपाशी बसले होते. लॅपटॉपही बंद. घरी आराम का करत नाही, असं मी सरळ विचारलं. ते नेहमीच्याच ठाम आवाजात म्हणाले, "ही गेल्यापासून दुपारी डोळा लागत नाही. ती स्वयंपाकघरात खुडबुड करायची ना, त्यात मला छान झोप यायची."

रविवारी आमच्याकडे जेवायला या, मी म्हटलं.

"जेवायचं राहू द्या. नुसता येऊन बसलो तर चालेल?"

आले. दारात बूट नीट लावून सोफ्याच्या कडेवर बसले. आत मी कुकर लावला, नवरा खोबरं खवत होता, आणि आमटीतल्या मिठावरून आमचं चांगलंच वाजलं. पाहुणा घरात आहे हे दोघंही विसरलो. तेवढ्यात आमची लेक आत येऊन जपानीत कुजबुजली, की आजोबा झोपले.

आम्ही लाजून गप्प झालो. गॅसही बंद केला. घर एकदम शांत झालं, तसे परांजपेसानांनी डोळे उघडले.

"का थांबलात?" त्यांनी हळूच विचारलं.

भांडण तर संपलं होतं. मग आम्ही धुतलेली भांडी पुन्हा घासायला काढली.