रुईच्या पानांची छिद्रगणना

मोठ्याबाईंच्या पणजीने कुंपणालगत रुई लावली, आजीने ती राखली आणि आईच्या हयातीत भिंत बांधताना ती मुळासकट गेली. तेव्हा पलीकडच्या घरातल्या सासूबाईंनी आपल्याकडच्या रुईचे एक पिकले बोंड आणून दिले आणि ‘उसनं समजा’ म्हणाल्या. त्याच्याच बियांतून मोठ्याबाईंची आताची रुई उगवली. मोठ्याबाईंच्या काटेकोर आयुष्यात तेवढे एक बोंड परत करायचे राहिले होते.

पुढे त्या सासूबाई गेल्या. सुनेने त्यांची रुई उपटून तिथे हिरवळ अंथरली. यंदा नगर कार्यालयाने ‘फुलपाखरू वर्ष’ जाहीर करताच पहिला अर्जही तिचाच गेला : शेजारची रुई रोगट असून पाने कुरतडलेली आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.

उद्यान निरीक्षक आले. त्यांनी ओणवे होऊन पानांवरची छिद्रे मोजली. ती दोनशे चौदा भरली. तीनहून अधिक छिद्रांचे झाड उपटावे, असा नियम होता.

“अहो, सुरवंट खातात ती पानं,” मोठ्याबाईंनी समजावले. “त्यांचीच फुलपाखरं होतात. दुसऱ्या कशाला ते तोंड लावत नाहीत. पंधरा दिवस थांबा.”

“आजी, फुलपाखरांना आमचा पूर्ण पाठिंबा आहे,” निरीक्षक अदबीने म्हणाले. “सुरवंट मात्र योजनेत बसत नाहीत.”

चार दिवसांनी दोन माळी कुदळी घेऊन हजर झाले. हुकुमात लिहिले होते, ‘दोनशे चौदा छिद्रे असलेले झाड उपटावे.’ मोठ्याबाईंनी चष्मा पुसला, हुकूम दोनदा वाचला आणि छिद्रे मोजून मगच हात लावा, अशी तंबी दिली. सुरवंट काही कार्यालयीन वेळ पाळणारे नव्हते. मोजणी तीनशे एक्याण्णव झाली. थोरल्या माळ्याने कुदळ खाली ठेवली. हुकुमातले झाड हे नव्हेच, भलतेच झाड उपटले तर नोकरी जाईल, असे त्याचे म्हणणे पडले. नवा पंचनामा झाला, नवा हुकूम निघाला. तो येईपर्यंत छिद्रे सहाशेवर गेली. तिसरा हुकूम पोचला तेव्हा खायला पानच उरले नव्हते. फांद्यांवर नुसती बोंडे होती आणि खिडकीखाली ओळीने कोष लटकत होते.

निरीक्षकांनी पुन्हा ओणवे होऊन पाहिले आणि लिहिले, ‘छिद्रे : शून्य. झाड निरोगी.’

वर्षअखेरीस ‘फुलपाखरू वर्षा’च्या स्पर्धेचे पहिले बक्षीस सुनेच्या हिरवळीला मिळाले. तिथे तारेवर एकशे एक कापडी फुलपाखरे डोलत होती आणि त्यांनी एकही पान खाल्ले नव्हते. सोहळा हिरवळीवरच झाला. वाचकहो, आपणही होतात. खुर्ची मिळाली नाही म्हणून मागे उभे राहून टाळ्या वाजवत होतात.

तेवढ्यात मोठ्याबाई वाटी घेऊन आल्या. वाटीत एक पिकले बोंड होते.

“तुझ्या सासूबाईंचं उसनं आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईनं घेतलेलं.”

चारचौघांत नाही कसे म्हणणार? सुनेने बोंड हातात घेतले मात्र, ते उकलले. पांढऱ्या म्हाताऱ्या भुरूभुरू उडाल्या आणि बियांसकट साऱ्या हिरवळीवर उतरल्या. एक आपल्या खांद्यावर बसली होती. आपण ती झटकलीत.

“मोजून घे हो,” मोठ्याबाई म्हणाल्या. “एकही बी मागे ठेवलेलं नाही.”

आणि त्यांनी रिकामी वाटी सर्वांदेखत उपडी करून दाखवली.