यांगबाईंच्या वेगाला मंडळाची मदत

नवीन पनवेलच्या एका सेक्टरमध्ये १९९३ साली एक रस्ता गुळगुळीत होता. हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. आधी कोणी खोदायचं याबद्दल टेलिफोन, पाणी आणि गटार या तीन खात्यांचं एकमत व्हायचं होतं, एवढंच. आजूबाजूला इमारती नव्हत्या, त्यामुळे वाहनंही नव्हती. या रस्त्यावर यांग शूलान नावाची एक चिनी बाई रोज सकाळी चाकांचे बूट घालून सराव करायची.

यांगबाई मूळच्या बर्फावरच्या, लांब पल्ल्याच्या स्केटर. गावाकडच्या गोठलेल्या तळ्यावर शिकल्या, प्रांताच्या संघात आल्या आणि पुढची कित्येक वर्षं देशाच्या संघाच्या दारात उभ्या राहिल्या. दर वेळी कोणीतरी एका श्वासाने पुढे निघून जायचं. येत्या हिवाळ्यातली निवड-चाचणी शेवटची; तीही हुकली तर खेळ संपला. नेमकं तेव्हाच त्यांच्या इंजिनिअर नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यात यंत्रं बसवायला पाठवलं आणि त्याही बरोबर आल्या. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेतली रोहिणी, पदार्थविज्ञानाची नवी पदवीधर, सकाळी हातात स्टॉपवॉच घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची. माणूस वाकला की हवेचा रोध किती घटतो, हे तिने फक्त पुस्तकात वाचलं होतं.

एकदा तिथल्या मित्र मंडळाचे अध्यक्ष भरतशेठ जीप थांबवून उतरले.

"रोहिणी बाय, ही हात मागं बांधून वाकून का जाते? कंबर धरलीय काय?"

रोहिणीने हवेचा रोध समजावला, शेवटच्या चाचणीचंही सांगितलं. भरतशेठ हेलावले. "मग आमी मदत करनार. काय पायजे बाईंना?"

"काही नको. फक्त हा रस्ता आहे तसा राहू द्या."

"असा नुसता राहू द्यायचा? मग आमी मदत केली ते दिसनार कसं?"

आठवड्याच्या आत कोपऱ्यावर फलक लागला : 'आंतरराष्ट्रीय बर्फ-धाव सराव मार्ग'. फलक वाचून लोक जमू लागले. लोकांसाठी रिक्षा आल्या, रिक्षावाल्यांसाठी वडापावची गाडी आली. एवढी वाहनं झाल्यावर खेळाडूच्या जिवाला धोका आहे, हे मंडळाच्या निदर्शनास आलं. मंडळाने नेटाने पाठपुरावा केला आणि खेळाडूच्या सुरक्षिततेसाठी रस्त्यावर चार गतिरोधक बसवून घेतले.

रोहिणी धावत भरतशेठकडे गेली. "अहो, वेगाच्या खेळाला गतिरोधक?"

"ते गाड्यांसाठी हायत. बाईंना सांग, वरून उडी मारायची."

"बाई म्हणतात, त्यांच्याकडे असं काही नसतं."

"नसनारच. इथं लोकशाही हाय, लोकांचं ऐकावं लागतं."

गतिरोधक काढण्यासाठी तिने अर्ज केला. त्यांच्यामुळे अपघात झाल्याचा पुरावा जोडा, असं कार्यालयाने कळवलं. अपघात झाला नव्हता. त्यावरून गतिरोधक उपयुक्त असल्याचं सिद्ध झालं आणि अर्ज निकाली निघाला.

यांगबाई उदास असल्याचं भरतशेठांच्या कानावर गेलं. उदास माणसावर मंडळाकडे एकच उपाय होता : जाहीर सत्कार. मंडप अर्थातच त्याच रस्त्यावर, आणि पहारीने डांबर फोडून पुरल्याशिवाय मंडपाचा खांब उभा राहिल्याचं पनवेलला ठाऊक नव्हतं. बाईंना घरची आठवण येऊ नये म्हणून नियाजभाईंच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, व्यासपीठावर त्यांचा चौथरा रचला आणि शाल पांघरून बाईंना वर चढवलं. स्वागताचं भाषण झालं तेव्हा चौथरा गुडघ्याएवढा होता. अध्यक्षांनी माईक हातात घेतला तोवर बाई ओल्या सतरंजीवर उभ्या होत्या.

"आपल्याला काय वाटतं?" असं विचारल्यावर यांगबाई हळूच मोडक्या इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. रोहिणीने भाषांतर केलं, "त्या आभारी आहेत." खरं तर त्यांनी विचारलं होतं, "हे खड्डे कोण बुजवणार?"

कोणीच बुजवले नाहीत. मग एका रविवारी रोहिणीने सायकल काढली, दिवसभर हिंडली आणि दुसरा एक गुळगुळीत रस्ता शोधला. कोणालाही न सांगता दोघी तिथे जाऊ लागल्या.

हिवाळ्यात यांगबाई चाचणीसाठी मायदेशी गेल्या आणि चीनहून तार आली : निवड झाली. रोहिणी प्रयोगशाळेतच नाचली. संध्याकाळी भरतशेठ पेढे घेऊन हजर.

"बघितलंस? आपल्या रस्त्याचा गुन!"

"भरतशेठ, त्या दुसरीकडे सराव करत होत्या."

"कुठं?" त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "सांग ना बाय! आमी काय वाईट करनार हाय?"

रोहिणी आयुष्यात पहिल्यांदा विज्ञानाशी बेइमान झाली. "कर्नाळ्याच्या बाजूला कुठेतरी," ती म्हणाली. तिकडे आता मंडळाची कमान आहे, आणि कमानीला वळसा घालून जायला कच्चा रस्ता.

खरा रस्ता अजून गुळगुळीत आहे. तो कुठे आहे हे इथे सांगायला काहीच हरकत नव्हती. पण वाचकहो, तुम्हीही मनाने चांगले आहात, खेळाडूंबद्दल तुम्हालाही कळकळ आहे, आणि रस्त्याचं नाव कळलं तर तुम्ही स्वस्थ बसणार नाही.